पाकिटावरचा तो नंबर

सिगारेट, विडी आणि तंबाखूच्या पाकिटावर इशाऱ्याच्या चित्रासोबत 1800-11-2356 हा नंबर सप्टेंबर 2018पासून छापला जातो. तो तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय सेवेचा आहे. फोन मोफत आहे. तरी नंबर लावण्याआधीच अनेकांचं मत ठरलेलं असतं.

‘फोनवर बोलून कुठे व्यसन सुटतं?’ या समजाने सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. एका फोनने सुटत नाही, हे खरंच. पण ही सेवा एका फोनची नाहीच. दिवसातली पहिली विडी उठल्यावर किती वेळात लागते, तलफ कधी येते (चहासोबत, जेवणावर, रात्रपाळीत), आधी सोडली होती तर पुन्हा कशाने धरली, हे समुपदेशक विचारून घेतात. मग सोडण्याची जवळचीच तारीख ठरते, आणि त्यानंतर ते स्वतःहून फोन करतात. मला यातच सेवेचं खरं बळ दिसतं. निकोटीन थांबलं की चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. पहिले दोन-तीन दिवस हा त्रास सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. पाय टपरीकडे वळतात ते याच दिवसांत. तेव्हाच कोणी विचारपूस केली, ही तलफ काही मिनिटांत उतरेल हे सांगितलं, तर माणूस टिकतो. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2019च्या आढाव्यानुसार अशा सेवेला फोन करणाऱ्यांपैकी शंभरातले साधारण 7 जण सोडतात. वारंवार फोनवर समुपदेशन मिळालं तर 10. आकडा छोटा वाटेल, पण लाखो माणसांच्या हिशेबात ते तीन जण फार मोठे आहेत.

‘मन खंबीर असलं की मदत लागत नाही’ हेही ऐकू येतं. निकोटीन मेंदूला सवय लावतं. त्यात स्वभावाचा दोष शोधून काही हाती लागत नाही.

हा नंबर फक्त सिगारेटवाल्यांचा, हाही समज खोटा. 2016-17च्या पाहणीत महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते, तर तंबाखू, गुटखा, मिश्रीसारखा बिनधुराचा तंबाखू घेणारे 24.4 टक्के. मिश्री लावणाऱ्या आजींनीही हा नंबर लावावा. भाषेची अडचण नको म्हणून दिल्लीतल्या केंद्राखेरीज मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात, बंगळुरूत आणि गुवाहाटीतही केंद्रं सुरू झाली.

आणि ‘पुन्हा ओढली, आता कोणत्या तोंडाने फोन करू?’ असं वाटणाऱ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं, की सोडलेल्या बहुतेकांनी आधी एकदा-दोनदा पुन्हा धरलेली असते. समुपदेशकाला ते नवं नसतं. कोणत्या वेळी, कोणासोबत, कशामुळे ओढली एवढं सांगा. पुढची तारीख त्यावरूनच ठरते.