घाटात चालणाऱ्या कस्टम गाडीचे पुढचे शॉकअप

मोटारसायकलचे पुढचे शॉकअप, म्हणजे फोर्क, चाक जागेवर धरतात, रस्त्याचे धक्के पचवतात आणि ब्रेक दाबल्यावर पुढे येणारे वजन पेलतात. कस्टम गाडीसाठी ते निवडताना नजर आधी जाडीकडे आणि चकाकीकडे जाते. निवडीची सुरुवात मात्र लांबीपासून व्हायला हवी, कारण लांबी बदलली की गाडीचे वळणेच बदलते.

हेड पाइप, म्हणजे हँडल ज्यात फिरते ती फ्रेमची नळी, उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो, तो कोन म्हणजे रेक. हेड पाइपची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या जागेपुढे मिळते. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल जास्त असला की गाडी सरळ रस्त्यावर ठाम चालते, पण वळणात जड होते. तो फार घटला की हँडल हलके होते आणि वेगात थरथरू शकते. 19 इंची चाक, 28 अंशांचा रेक आणि 1,370 मिमीचा व्हीलबेस धरला, तर फोर्क 25 मिमीने आखूड होताच रेक जवळपास एक अंशाने आणि ट्रेल सुमारे 7 मिमीने कमी होतो. चॉपरचा लांब फोर्क याच्या उलट परिणाम करतो.

मावळच्या घाटरस्त्यांवर हा फरक लगेच जाणवतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने पुण्या-मुंबईकडून येणारी गाडी जुन्या महामार्गानेच लोणावळा गाठते, आणि मुंबईची गाडी त्यासाठी खंडाळ्याचा घाट चढते. पुढे ॲम्बी व्हॅलीचा रस्ताही चढउतारांचा आणि वळणांचा. अशा उतारावर ब्रेक दाबताच वजन पुढच्या चाकावर येते. मऊ स्प्रिंगचा फोर्क तेव्हा खाली बसतो, रेक आणखी घटतो आणि ऐन वळणात गाडीचा तोल बदलतो.

लांबीनंतर पाहायची ती टी. दोन्ही पाइप धरणाऱ्या वरच्या-खालच्या क्लॅम्पना गॅरेजमध्ये टी म्हणतात. टीचा दांडा आणि पाइपांचे केंद्र यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. वरच्याच गाडीत तो 50 मिमीवरून 60 मिमी केला, तर ट्रेल सुमारे 11 मिमीने घटतो. म्हणजे फोर्क मूळ लांबीचाच ठेवूनही नुसत्या टीमुळे गाडी बिघडू शकते. दांड्याची लांबी आणि बेअरिंगचे मापही हेड पाइपशी जुळायलाच हवे.

जाडी जुळली म्हणजे फोर्क जुळला असे नाही. रॉयल एनफील्डची 2021ची क्लासिक 350, इंटरसेप्टर 650 आणि जुनी हिमालयन 411 या तिन्हींचे पाइप 41 मिमीचेच. पण फोर्क दबण्याचे अंतर क्लासिकमध्ये 130, इंटरसेप्टरमध्ये 110 आणि हिमालयनमध्ये 200 मिमी. हिमालयनचा फोर्क क्लासिकला चढवला तर पुढची बाजू बरीच उचलली जाते. 2021 आधीच्या क्लासिकचे पाइप 35 मिमीचे, त्यामुळे तिथे 41 मिमीच्या फोर्कसाठी टी बदलणे अटळच.

उलट्या, म्हणजे यूएसडी, फोर्कची हौस आज बरीच आहे. केटीएम 390 ड्यूक आणि 2019 नंतरची डॉमिनार 400 यांचे 43 मिमीचे यूएसडी फोर्क त्यासाठी शोधले जातात. या गाड्या मावळाशेजारच्या चाकणमध्येच बनतात. या फोर्कमध्ये 43 मिमी हे खालच्या आतल्या पाइपचे माप आहे. टीत बसणारी बाहेरची नळी त्याहून जाड असते, म्हणून जुनी टी कामाची नाही. टी, ॲक्सल, चाक, डिस्क आणि कॅलिपर यांसह एकाच गाडीचा पूर्ण पुढचा भाग घेणे हाच शहाणपणाचा मार्ग. एबीएस असेल तर त्याची रिंग आणि सेन्सरही त्याच संचातले हवेत. ड्यूकपेक्षा क्लासिक जड, तेव्हा स्प्रिंगही तपासावी लागते: 130 मिमी दबणारा फोर्क चालक बसल्यावर 35 ते 40 मिमी खाली यावा.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. यूएसडी फोर्कचा चकचकीत पाइप आणि ऑइल सील चाकाजवळ, चिखलाच्या माऱ्यात असतात. पवनानगर, तिकोना, लोहगड या बाजूंना पावसाळाभर फिरणाऱ्या गाडीला रबरी बूट चढवलेला साधा फोर्कच अधिक टिकाऊ ठरतो. जुना फोर्क घेताना पाइपावरून नख फिरवावे. गंजाचा खड्डा लागला तर नवे सीलही लवकरच गळेल. पाइप सपाट काचेवर लोळवला की वाक कळतो.

कायद्याची बाजू कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितले. कलम 182अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला मूळ मापाचाच फोर्क घ्यावा. वेगळ्या मापाचे प्रयोग प्रदर्शनातल्या किंवा खासगी जागेतल्या गाडीपुरते ठेवावेत.

जोडणी झाली की स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबून पाहावा. चाक किंवा मडगार्ड फ्रेमला, सायलेन्सरच्या पाइपला वा रेडिएटरला लागता कामा नये. हँडल दोन्ही टोकांना फिरवताना ब्रेकचा पाइप ताणला जाऊ नये. त्यानंतर फोर्कच्या दोन्ही पायांत सारख्या पातळीपर्यंत ऑइल भरून स्प्रिंग परत घालावी.