सीडीतली गाणी उतरवताना

मानखुर्दच्या एखाद्या घरात ‘गीतरामायणा’च्या सीडी कपाटात जपलेल्या असतात, पण प्लेअर कधीच भंगारात गेलेला असतो. गदिमा आणि सुधीर फडके यांची ही ५६ गीते पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये वर्षभर प्रसारित झाली. ती फोनवर आणायची, तर आधी सॉफ्टवेअर निवडावे लागते.

विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’, मॅकवर ‘एक्सएलडी’. चरा पडलेला भाग ती पुन्हा पुन्हा वाचतात आणि ‘ॲक्युरेटरिप’मधील इतरांच्या नोंदींशी ताळा करतात. दुर्मीळ मराठी सीडीची नोंद तिथे नसेल, तर ती दोनदा उतरवून दोन्ही प्रतींचे चेकसम जुळतात का ते पाहावे.

आता फॉरमॅट. सीडीवरील तासाभराचे संगीत सुमारे ६३५ एमबी भरते. २००१ मध्ये आलेला ‘फ्लॅक’ ते साधारण निम्म्या ते पाऊण जागेत बसवतो, एक बिटही न गमावता. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला १४४ एमबी पुरतात. मात्र वगळलेला तपशील परत मिळत नाही.

म्हणून मूळ प्रत फ्लॅकमध्ये हार्ड डिस्कवर ठेवावी आणि हार्बर लाइनच्या प्रवासासाठी तिच्यावरूनच एमपीथ्री काढावी. गाण्यांची नावे भरताना लिपी एकच ठेवावी. निम्मी रोमन, निम्मी देवनागरी झाली की शोधताना गाणे सापडत नाही.