चार वर्षांचा दाखला

घर बांधणाऱ्याच्या हातांत कसब किती, हें घर उभें राहिल्यावर कळतें. आणि तेव्हां कळून उपयोग काय? आपल्याकडे घरमालक कंत्राटदाराची जुनीं कामें पाहून येतो, भिंतींना ओल आली आहे कीं नाहीं हें न्याहाळतो, आणि मग विसार देतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें ही पारख सरकारी खात्याकडे सोंपविली आहे. तें खातें १९२९ सालीं निघालें, व आजहि चालू आहे.

इमारतीच्या कंत्राटाचा परवाना मागणाऱ्यास तेथें अर्जापूर्वींच्या दहा वर्षांतील निदान चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. यांतील ‘अनुभव’ हा शब्द मोठा कडक आहे. उमेदवारीचीं वर्षें त्यांत धरीत नाहींत. कोणी शेजारीं उभें न राहतां जो आपलें काम पुरें करूं शकतो, त्या पक्क्या कारागिराचीं, मुकादमाचीं, देखरेख करणाराचीं किंवा स्वतःचें घर स्वतः बांधणाराचीं वर्षें तेवढीं धरतात. शिक्षणाबद्दल व रीतसर पुऱ्या केलेल्या उमेदवारीबद्दल जास्तींत जास्त तीन वर्षांची सूट मिळते. पण एक वर्ष तरी प्रत्यक्ष कामाचेंच हवें. पदवी कितीहि मोठी असो, हें एक वर्ष चुकत नाहीं, आणि तें योग्यच आहे.

खरी अडचण पुढें आहे. हा अनुभव ज्यानें डोळ्यांनीं पाहिला, त्यानें दाखल्यावर सही करावयाची असते. तो धनी असेल, सोबतचा कारागीर असेल, इमारत-तपासनीस किंवा वास्तुशिल्पज्ञ असेल. खोटें लिहिलें तर गुन्हा. शिवाय खातें पगाराचे व कराचे कागद मागूं शकतें. ज्याला वर्षानुवर्षें रोख मजुरी मिळाली, ज्याचा जुना धनी वारला किंवा धंदा बंद करून गेला, त्याच्या हातीं कसब असूनहि कागद नसतो. नियम लबाडांना अडवितो खरा, पण असा एखादा गुणी गवंडीहि त्याच जाळ्यांत अडकतो.

दाखला मान्य झाल्यावर सामान्यतः दोन परीक्षा असतात, एक कायद्याची व व्यवहाराची, दुसरी धंद्याची. २०२३ पासून पंचवीस हजार डॉलरांचा जामीनखतहि लागतो.

परवान्यावांचून काम केलें तर? काम उत्तम असलें तरी त्याचे पैसे कोर्टांत मागतां येत नाहींत. उलट दिलेले पैसे मालक परत मागूं शकतो. किरकोळ कामांना सूट आहे. ती पूर्वीं पांचशें डॉलरांच्या आंतील कामांना असे, २०२५ पासून हजारांच्या आंतील कामांना आहे. मात्र त्या कामास बांधकामाची परवानगी लागतां कामा नये, व हाताखालीं नोकर असतां कामा नयेत.

ज्यांचीं मुलें तिकडे घर करून आहेत, त्यांनीं त्यांस एवढें अवश्य लिहावें: कंत्राटावरचा परवान्याचा क्रमांक खात्याच्या नोंदींत पाहावा, आणि तो कोणाच्या अनुभवावर मिळाला आहे तेंहि पाहावें. कारण पेढीचा परवाना एका अनुभवी माणसाच्या नांवावर उभा असतो; तो सोडून गेला, तर नव्वद दिवसांत दुसरा पात्र माणूस आणावा लागतो, नाहींतर परवाना तहकूब होतो.