हाफ इंजिन

संपादकांना जुन्या बुलेटवर लेख हवा होता. चकचकीत टाक्या, जुन्या नंबरप्लेटा, रविवारी सकाळी त्र्यंबक रोडने निघणाऱ्या रांगा. सातपूरला गेलो तेव्हा माझ्याही डोक्यात तेच होतं. पण एमआयडीसीच्या मागच्या गल्लीतल्या गॅरेजात जी गाडी दिसली, तिला टाकी नव्हती आणि हेडही नव्हतं. हेड बाकावर उलटं पडलं होतं आणि गॅरेजवाले काका बॅटरी मारून त्यात बघत होते.

"धूर मारत होती. हाफ इंजिन काढलंय," ते म्हणाले. "बसा भाऊ."

हाफ इंजिन म्हणजे खालची क्रँककेस न फोडता वरचा मजला तेवढा उतरवायचा: हेड, व्हॉल्व्ह, ब्लॉक, पिस्टन, रिंगा. मी तासाभरासाठी गेलो होतो. तीन दुपारी त्या बाकाशी गेल्या.

गाडी 1973 सालची. बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. 1955 पासून ती मद्रासला जुळू लागली, पुढे सगळीच तिथे बनू लागली. रेडिचचा कारखाना बंद पडला, मद्रासचा चालत राहिला. 70 मिलिमीटरचा बोअर, 90 मिलिमीटरचा स्ट्रोक, 346 सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. एवढा इतिहास पुरे, कारण काकांना गाडीच्या वंशावळीपेक्षा तिची झीज जास्त ठाऊक आहे.

ब्लॉक त्यांनी आधीच मापून ठेवला होता. बोअर गेज आत सोडायचं, वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी, प्रत्येक जागी आडवं-उभं दोनदा. बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे रिंग थांबून मागे फिरते, तिथे आगही जास्त आणि ऑइलही कमी. झीज तिथेच सर्वांत मोठी. वरच्या कडेला नखाला लागेल एवढी पायरी झाली होती. म्हणजे नुसत्या रिंगा बदलून भागणार नाही. बोअर करून दहा, वीस, तीस, चाळीस अशा पुढच्या मापाचा पिस्टन घालायचा. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे. चाळीसनंतर स्लीव्ह. पिस्टन आणि बोअरमध्ये साधारण केसाच्या जाडीइतकी फट लागते. अ‍ॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. फट कमी ठेवली तर पिस्टन चालत्या गाडीत धरतो, जास्त ठेवली तर थंडीत खडखडतो.

पण माझी नजर अडकली ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर हा व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा आपल्या सीटवर येऊन बसतो, तोही तापून लाल होण्याच्या बेतात असताना. दोघांचा मिलाफ होतो तो 45 अंशांच्या एका बारीक पट्टीवर. इंजिनाचा सगळा दाब त्या पट्टीने अडवायचा. ती कुठे तुटली की गरम वायू तिथून निसटतो आणि निसटता निसटता व्हॉल्व्हची कड जाळतो.

काका इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. सातपूर ही अशा हातांची वस्ती आहे. लोक अजूनही मायको म्हणतात त्या बॉशच्या कारखान्यात डिझेलचे नोझल बनतात. तिथे सुई आणि तिचं घर यांमधली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. मोठ्या कारखान्यांच्या अवतीभवती लहान शेडमधून टर्नर, ग्राइंडर, टूलरूमवाले तयार झाले. काकांचं लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं, त्याच शाळेतलं आहे.

त्यांनी सीटवर पेस्टचे चार ठिपके ठेवले, रबरी कप लावलेली काठी व्हॉल्व्हला चिकटवली आणि ती दोन तळहातांत घेऊन रवी घुसळावी तशी फिरवू लागले. थोड्या फेऱ्या झाल्या की व्हॉल्व्ह उचलायचा, पाव फेरा सरकवायचा, पुन्हा घुसळायचं. "बघू नका, ऐका," ते म्हणाले. आधी आवाज करकरीत होता, वाळूवर चप्पल घासल्यासारखा. हळूहळू तो मऊ झाला, मग जवळजवळ नाहीसाच. पुसून पाहिलं तर सीटवर राखाडी, बिनचमकेची, अखंड रेघ उमटली होती. मला ती फार सुंदर वाटली.

मग परीक्षा. स्प्रिंगा लावून एक्झॉस्टच्या तोंडातून रॉकेल भरलं आणि आम्ही चहा घेतला. दहा मिनिटांनी व्हॉल्व्हच्या कडेला एक थेंब लोंबत होता.

काकांनी व्हॉल्व्हचा दांडा धरून हलवला. गाईडमध्ये, म्हणजे दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यात, तो किंचित डुलला. गाईड झिजलं असेल तर व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसतो. कितीही घासा, रेघ बरोबर येते आणि थेंब पडतोच. म्हणजे गाईड बदलायचं, ते रीम करायचं, मग त्याच्याच मध्याला धरून सीट नव्याने कापायची आणि मग पुन्हा लॅपिंग.

इथून पुढे लेखाची वाट अडचणींतून जाते. बाजारातून आणलेली दोन गाईडं काकांनी मायक्रोमीटरला लावून बाजूला ठेवली. एक सैल, एकात भोक मध्यावर नाही. एकट्या ब्लॉकसाठी मशीन लावून बोअर करून देणारा आता शोधावा लागतो. शेडमधल्या यंत्रांना हजारांच्या ऑर्डरी हव्यात. पेट्रोलही बदललं. शिशाचं पेट्रोल देशभरात 2000 साली बंद झालं; ते शिसं जुन्या सीटना थोडं अस्तरासारखं जपायचं. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. कार्बोरेटर जुन्या जेटवर ठेवला तर मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, आणि त्याचा पहिला चटका याच व्हॉल्व्हला.

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं आली. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी; चासिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. नियम चांगला आहे. पण मूळ रूप कागदाने टिकत नाही. तोच ब्लॉक, तेच हेड पुन्हा दाब धरू लागावं यासाठी असा हात लागतो, आणि काकांच्या गॅरेजातला तरुण पोरगा दिवसभर फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या करतो. त्याचा दोष नाही. गिऱ्हाईक तेच आहे.

निघताना काका बिडाचा एक तुकडा चिमट्यात धरून बघत होते. गाईड ते ओळखीच्या लेथवर कातून घेणार होते. पोरग्याने हात पुसत विचारलं, "काका, सीट कापताना मी धरू का?"

"धर," ते म्हणाले. "पण आधी घासून बघ. आवाज कळला पाहिजे."

त्यांनी काठी त्याच्या हातात दिली. मी दारातच थांबलो. आवाज अजून करकरीत होता.