फळी फिरत नव्हती, तरी डोकं का फिरलं?
तपासणीच्या खोलीत : भाग ७

लोणार तालुक्यातल्या बीबी गावच्या माणसाला डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला की तो दुसरबीड, किनगाव राजा, सिंदखेडराजा करत जालना गाठतो, नाहीतर तसाच पुढे छत्रपती संभाजीनगरला जातो. परत आल्यावर ओट्यावर बसून तो जे सांगतो, ते फारसं कुणी मनावर घेत नाही. ‘आत गेलो अन् फळीच फिराया लागली.’ ‘दंड आपोआप उडत होता.’ ‘तोंडात लोखंड चाटल्यावानी चव आली.’ घरच्यांचं उत्तर ठरलेलं : घाबरला असशील.

या भागात मला त्या माणसाची बाजू घ्यायची आहे. फळी फिरत नव्हती, हे खरं. पण फिरल्याची जाणीव त्याला कानातून आली होती. तिचा भित्रेपणाशी काही संबंध नाही.

आपल्या लोणार तालुक्याला चुंबकाचं कौतुक जुनं आहे. लोणारच्या मोठ्या मारुतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते, असं तिथे हौसेनं सांगतात. काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतातच. पण हा जोर सुई हलवण्यापुरता. चुंबकाचा जोर टेस्लात मोजतात; ३ टेस्लाच्या एमआरआय यंत्राचं क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ७० हजार पट असतं. आणि हा चुंबक बटणावर चालू-बंद होत नाही. उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडालेल्या वेटोळ्यांतून वीज अखंड फिरत असते. दिवे गेले, तपासणी संपली, रात्री सेंटरला कुलूप लागलं, तरी चुंबक जागाच.

आता कानाकडे येऊ. फुगडी थांबली तरी अंगण फिरत राहतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. आपण थांबलो तरी तो द्रव थोडा वेळ वाहत राहतो आणि मेंदूला वाटतं, अजून गिरकी चालूच आहे. एमआरआयमध्ये नेमकं उलटं घडतं. माणूस निश्चल पडलेला असतो आणि द्रवाला ढकलतो तो चुंबक. कारण त्या द्रवातून विद्युतभारित कणांचा बारीक प्रवाह कायम वाहत असतो, आणि प्रवाह वाहणाऱ्या गोष्टीला चुंबकीय क्षेत्र रेटा देतं. विजेची मोटार याच नियमावर फिरते.

२०११ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. निरोगी माणसांना त्यांनी ७ टेस्लाच्या यंत्रात अंधारात निजवलं आणि त्यांच्या डोळ्यांचं चित्रण केलं. डोळे हळूच एका बाजूला सरकत, झटक्यात परत येत, पुन्हा सरकत. ज्यांच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाच निकामी होती, त्यांचे डोळे मात्र ढिम्म हलले नाहीत. शिवाय यंत्रातून बाहेर आल्यावर डोळ्यांची ओढ उलट्या दिशेला होई. ‘बाहेर काढल्यावरच जास्त गरगरलं’ म्हणणारा काही चुकीचं बोलत नाही. १.५ टेस्लाच्या यंत्रात हे सहसा कळतही नाही, ३ मध्ये काहींना जाणवतं, ७ मध्ये पुष्कळांना. बाहेर आल्यावर दोन मिनिटं बसून मग उठावं, एवढाच उपाय.

तोंडातली लोखंडी चव आणि मिटल्या डोळ्यांपुढची चमक यांचं कारणही चुंबकाच्या जवळ डोकं हलवण्यात असतं. डोकं स्थिर ठेवलं की बहुधा ते जातं.

दंड उडण्याचं कारण वेगळं. मोठ्या चुंबकाच्या आत आणखी वेटोळी असतात आणि त्यांतली वीज क्षणाक्षणाला पालटते. बदलतं चुंबकीय क्षेत्र शरीरात इवलासा प्रवाह उठवतं, तो मज्जातंतूला लागतो आणि स्नायू फडफडतो. तो भयंकर ठकठकाटही याच वेटोळ्यांचा. वीज पालटली की ती चुंबकात हिसका खातात. लाऊडस्पीकरचा पडदा असाच हलतो, म्हणजे वरातीतला डीजे आणि एमआरआय एका कुळातले! आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून कानात बोळे हवेतच. दिले नाहीत तर मागून घ्या.

आत अंग तापतं, ते यंत्र सोडतं त्या रेडिओलहरींमुळे. ३ टेस्लाला सुमारे १२८ मेगाहर्ट्झ, म्हणजे एफएमच्या पट्ट्याच्या जरासं वर. नेहमीच्या तपासणीत संपूर्ण शरीरासाठी मर्यादा आहे किलोमागे २ वॅट. ६० किलोच्या माणसाला १२० वॅट, जुने साठचे दोन बल्ब. घाम येईल, अपाय होणार नाही. मात्र हातात हात गुंफून किंवा उघड्या मांड्या एकमेकींना चिकटवून पडू नका. कातडीला कातडी लागली की प्रवाहाला फिरायला कडं मिळतं आणि तिथे चटका बसू शकतो.

मनाचं काय? नाकापासून चार बोटांवर छत, हलायचं नाही, वीस-पंचवीस मिनिटं. ज्याचा जीव घुसमटतो त्याला ‘काही होत नाही’ म्हणणं हा निव्वळ आळस आहे, असं माझं मत. त्याऐवजी आत जाण्याआधीच डोळ्यांवर घडीचा रुमाल ठेवायला सांगावं आणि हातातला रबरी फुगा दाबला की बाहेर काढतात हे एकदा दाबून दाखवावं.

खरी भीती बाळगायची ती धातूची. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला ३२ वर्षांचा तरुण ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकानं सिलिंडरसकट त्याला ओढलं आणि त्यात तो दगावला. म्हणून नातेवाइकांचीही झडती घेतात. आपल्याकडे सेंटरच्या दारात सगळ्यात जास्त वेळ जातो तो जोडव्यांवर. वर्षानुवर्षं न काढलेली, बोटात रुतलेली. चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही, पण तापू शकते. साबण लावून ती घरीच काढून ठेवा. ताईत, करदोड्याची चांदी, अंबाड्यातल्या पिना, ब्लाउजचे हूकसुद्धा.

आणि वेल्डिंग किंवा ग्राइंडरवर काम करणाऱ्यांनो, डोळ्यात कधीकाळी लोखंडाचा कण उडाला असेल, तर नंबर लागण्याआधीच सांगा. तो कण आतच राहिला असेल तर चुंबकात हलू शकतो. डोळ्याचा साधा एक्स-रे काढला की कळतं.