सापशिडी, मोक्षपट आणि ज्ञानदेव : एका ऐकीव श्रेयाची तपासणी

संतसाहित्याचा तास घेताना एक वाक्य मी बरीच वर्षे न चुकता सांगत आलो : "आजची सापशिडी म्हणजे मुळात मोक्षपट, आणि तो ज्ञानेश्वरांनी तयार केला." वर्गाला ते आवडे. झोपाळलेली मुलेही मान वर करीत. गेल्या वर्षी इच्छापूरकडून बुऱ्हाणपूरला शिकायला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने हे वाक्य निबंधात घेतले आणि विचारले, "सर, याला संदर्भ कोणता लिहू?" मला संदर्भ देता आला नाही. मीही ते कुठेतरी ऐकलेच होते. शिक्षकाने सांगितलेली ऐकीव गोष्ट विद्यार्थ्याच्या वहीत उतरली की ती पुरावा समजली जाते. ही जबाबदारी माझी, म्हणून हा खुलासा.

या एका वाक्यात तीन वेगळे दावे आहेत. असा पट होता; तो तेराव्या शतकातला आहे; आणि त्याचे कर्ते ज्ञानदेव आहेत. तिन्ही दावे एकत्र बांधले की पहिल्याच्या खरेपणावर उरलेले दोन तरून जातात. ते सुटे करून पाहू.

पहिला दावा निर्विवाद आहे. कापडावर किंवा कागदावर आखलेले असे पट देशाच्या अनेक भागांत जपलेले आहेत. उत्तरेत त्यांना ज्ञानचौपड म्हणतात, मराठीत मोक्षपट. पुण्याचे हस्तलिखितांचे अभ्यासक वा. ल. मंजूळ यांनी रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातील मोक्षपटांकडे लक्ष वेधले, तेव्हा मराठी वाचकांत या विषयाची पुन्हा चर्चा झाली. पटावरील प्रत्येक घराला नाव असते. दुर्गुणाच्या घरी सापाचे तोंड, सद्गुणाच्या घरी शिडीचा पाय. दान पडेल तशी सोंगटी चालते आणि खेळणारा घराचे नाव वाचत जातो. खेळता खेळता पाठ व्हावा, असा हा धडा आहे.

उत्तरेतील ७२ घरांच्या वैष्णव पटात एक मार्मिक योजना आहे. वैकुंठ शेवटच्या घरात नसून ६८व्या घरात आहे. नेमके दान पडले नाही तर सोंगटी वैकुंठ ओलांडून पुढे जाते, आणि ७२व्या, तमोगुणाच्या घरातला साप तिला पुन्हा पृथ्वीवर आणून सोडतो. सर्वांत वरचे घर म्हणजे मुक्ती नव्हे, हे तत्त्वज्ञान पटाच्या आखणीतच बसवलेले आहे. आपल्या शंभर घरांच्या सापशिडीत ते उरलेले नाही. १८९०च्या दशकात हा खेळ इंग्लंडात छापला जाऊ लागला. आरंभीच्या इंग्रजी पटांवर सद्गुण-दुर्गुणांची चित्रे होती; पुढे तीही गेली आणि साप नुसते साप राहिले.

हा पट एका संप्रदायाचाही नाही. जैनांचा पट ८४ घरांचा, तर सूफी परंपरेतला सुमारे शंभर घरांचा. ज्या शहराचे नावच बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संतावरून पडले, तिथे राहणाऱ्या मला हे विशेष वाटते. एकच आखणी घेऊन प्रत्येकाने आपापल्या शब्दांत घरे भरली.

दुसरा दावा काळाचा. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ.स. १२९०ची; ज्ञानदेवांची समाधी १२९६ची. ज्यांचा काळ खात्रीने सांगता येतो असे जुने पट मात्र अठराव्या शतकाच्या आसपासचे आहेत. मध्ये चारशे वर्षांचे अंतर पडते. अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त चौपड, गंजिफा आणि सोळा जणांनी खेळायचा चंदल-मंडल यांचे तपशीलवार वर्णन केले आहे. हाच अबुल फझल १६००-०१ मध्ये आमच्या शेजारच्या असीरगडाच्या मोहिमेत होता. चंदल-मंडल आज कोणी खेळत नाही, पण त्याचा लेख उरला. मोक्षपटाचे उलटे झाले : पट उरले, पण जन्माचा लेख नाही. कापड आणि कागद फार टिकत नाहीत, त्यामुळे खेळ उपलब्ध पटांहून जुना असणे शक्य आहे. पण शक्यता आणि पुरावा यांची घरे वेगळी.

तिसरा दावा कर्तृत्वाचा. ज्ञानेश्वरी, अमृतानुभव किंवा चांगदेवपासष्टी यांपैकी कशातही या पटाचा उल्लेख नाही. तरीही श्रेय ज्ञानदेवांकडे का गेले, हे समजण्यासारखे आहे. गहन विचार सामान्यांच्या बोलीत आणणारा म्हटला की मराठी मनाला प्रथम माउलीच आठवते. नामवंताच्या नावावर रचना जमा होणे आपल्या वाङ्मयात नवे नाही. ज्ञानेश्वरीचे कर्ते आणि अभंगांचे कर्ते एकच का, हा प्रश्न शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच उपस्थित केला होता.

अशी तपासणी म्हणजे अश्रद्धा, असे कोणाला वाटेल. त्यांनी एकनाथांकडे पाहावे. शके १५०६मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. माउलीच्या नावावर जे त्यांचे नाही ते चढवू नये, हा आग्रह भक्तीतूनच आलेला आहे.

त्या विद्यार्थिनीने अखेर वाक्य असे लिहिले : 'परंपरा मोक्षपटाचे श्रेय ज्ञानदेवांना देते, उपलब्ध जुने पट मात्र त्यांच्या नंतरच्या काळातील आहेत.' तिची आजी दरवर्षी मुक्ताईनगरला दर्शनाला जाते. नातीने निबंध वाचून दाखवला तेव्हा आजीने एवढेच विचारले, "माउलीचं नाव काढून तर नाही ना टाकलं?" नव्हते काढले. फक्त आख्यायिका आख्यायिकेच्या जागी आणि पुरावा पुराव्याच्या जागी ठेवला होता.

वाचकांना एक विनंती. बुऱ्हाणपूर, इंदूर, देवास, ग्वाल्हेर येथील जुन्या मराठी घरांत पेट्या, बासने अजून आहेत. त्यांत घरे आखलेले जुने कापड किंवा कागद निघाला तर रद्दीत देऊ नका. घरे किती, कोणत्या घरात कोणता शब्द, साप कुठून कुठे उतरतो आणि पट कोणाच्या घरी होता, एवढे लिहून ठेवा आणि छायाचित्र घ्या. माझ्या विद्यार्थिनीने मागितलेला संदर्भ कदाचित अशाच एखाद्या पेटीत असेल.