मोठं घर की चांगली वस्ती?

दादर-माटुंग्यात लहानशा वन आरकेला जे पैसे पडतात, त्यात बदलापूरला ऐसपैस टू बीएचके सहज येतो. पण बदलापूर ते सीएसएमटी अंतर सुमारे ६८ किलोमीटर. एका वेळचा दीड तास धरला, तर २५ कामाच्या दिवसांत ७५ तास लोकलमध्ये जातात, तेही बहुधा उभ्याने. चौरस फुटांबरोबर हे तासही मोजा. (आणि चौरस फूट म्हणजे करारातलं कार्पेट क्षेत्रफळ, रेरा कायद्यानुसार तेच धरायचं.)

घरात म्हातारी माणसं, शाळकरी मुलं असतील, तर माझं मत लहान घराला: दवाखाना, शाळा चालत गाठता यायला हवी. नवरा-बायको दोघंही घरून काम करत असतील, तर मात्र जादा खोलीच घ्यावी. त्याआधी पाणी किती वेळ येतं, हे तिथल्या रहिवाशांना विचारा, बिल्डरला नव्हे.